दाजींची म्हस

खंडेनवमीला नारळ फोडायचा तो पायरीच्या दगडावर, एवढं आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मी तो गिटारच्या अॅम्प्लिफायरशेजारी फोडला. शेजारी म्हणजे इतक्या शेजारी, की अर्धं पाणी वरच्या जाळीतून आत गेलं. त्यातून अॅम्प्लिफायर चालू होता. बंद यंत्राची पूजा करणं मला पटेना. आतले काचेचे व्हॉल्व्ह पेटले की समईसारखे दिसायचे, तेव्हा देव जागा असतानाच हळदकुंकू वाहावं, असा माझा भाविक विचार. आतून 'टिच्च' असं काहीतरी वाजलं. मला वाटलं, देवानं प्रसाद स्वीकारला.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. दिवसा मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. ऑर्केस्ट्रा माझ्या मेव्हण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा. तो की-बोर्ड वाजवायचा आणि मधूनमधून माइकवर विनोद करायचा. लोक म्हणायचे, की-बोर्डपेक्षा विनोद बरे. मीही म्हणायचो. तोवर ते विनोद माझ्यावर होत नव्हते.

माझा अॅम्प्लिफायर दुकानातला नव्हता. पापाची तिकटी या चौकाजवळच्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेस्त्रीनं तो हातानं बांधला होता. प्लायवूडची पेटी, तिला रिक्षाच्या सीटचं मरून रेक्झिन, वर ट्रंकेची कडी आणि स्पीकरच्या तोंडावर बायकोच्या फाटक्या इरकलीचा तुकडा, काठासकट. आम्ही सगळे त्याला 'डबा' म्हणायचो. डबा लावला की लगेच बोलत नसे. आधी नुसता घुम्म असा हुंकार. मग धूळ आणि लाख तापल्याचा वास. मेस्त्री म्हणायचे, "तापू द्या त्याला. तापल्याशिवाय त्यो बोलत न्हाय." एकदा तापला, की गिटारच्या तारेवर नुसतं बोट टेकवलं तरी सूर काकवीसारखा ओघळायचा, दाट, गोड, आणि शेवटाला किंचित करपलेला. जोरात छेडलं की तो चिरकायचा नाही, घोगरा व्हायचा, घसा बसलेल्या प्रेमळ काकासारखा. पुढं मी बरेच अॅम्प्लिफायर ऐकले. ते स्वच्छ होते. स्वच्छ तर फिनाइलही असतं.

तर खंडेनवमीच्या त्याच संध्याकाळी आमचा कार्यक्रम गडहिंग्लजला होता. मैदान भरलेलं. एक हळुवार प्रेमगीत सुरू होतं. गायिकेनं डोळे मिटले, की-बोर्ड थांबला, आता माझ्या गिटारचा तुकडा. मी तार छेडली आणि डब्यातून जो आवाज आला तो सुराचा नव्हता. तो पोटातून आलेला, लांबलचक, वेदनेचा आवाज होता. गायिकेनं डोळे उघडले. तेवढ्यात मेव्हण्यानं माइक ओढला.

"मंडळी, घाबरू नगासा! आमच्या दाजींची म्हस व्याय लागलीया!"

गडहिंग्लज हसलं. नुसतं हसलं नाही, मांड्यांवर थापा मारून हसलं. मागनं कोण ओरडला, "रेडी का रेडा?" मी गळ्यातली गिटार काढली, स्टेजवरनं उतरलो आणि तडक एसटी स्टँडवर आलो. डबा तिथंच राहिला. मला वाटलं, मेव्हणा तो घेऊन येईल, मागं मागं येऊन 'दाजी, चुकलं' म्हणेल. तो आला नाही. मी एसटीत बसल्या बसल्या ठरवलं, की याला हे दोन शब्द म्हणायला लावायचे. तेही चारचौघांत. मला चारचौघांत म्हैसवाला केला, त्याचं परिमार्जनही चारचौघांतच.

पुढची दहाबारा वर्षं मी या एका गोष्टीवर जगलो. नोकरी, संसार, पोरांच्या शाळा हे जोडीला होतंच. कचेरीत शिपाईसुद्धा विचारायचा, "काय दाजी, दुभतं कसं काय हाय?" त्या प्रत्येक वेळी मी मनात मेव्हण्याच्या की-बोर्डच्या पट्ट्यांत गरम काकवी ओतायचो. त्याच्या लग्नात मी अक्षता नेम धरून मारल्या. त्या नवरीच्या मामाला लागल्या. भाऊबीजेला बायकोबरोबर गारगोटीला त्याच्या घरी जायचो, तेव्हा त्याच्या हातचा चहा मी कधी पूर्ण प्यालो नाही. तळाशी दोन घोट मुद्दाम ठेवायचो. त्याला हा अपमान आहे हे कधी कळलंच नाही. तो म्हणायचा, "दाजी, साखर कमी घातली का?"

डब्याबद्दल मी एकदाच विचारलं. तो म्हणाला, "कुठंतरी असंल की." झालं. त्यानंतर विचारीन तर नाव बदलीन.

मग डॉल्बीचे दिवस आले. मिरवणुकीला, लग्नाला, बारशालाही ट्रॉलीवर स्पीकरांच्या भिंती. त्यात गायिका नको, की-बोर्ड नको, विनोद तर नकोच, कारण ऐकू कोणाला येणार! मेव्हण्याचा ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि की-बोर्ड कपाटावर गेला. मला फार आनंद झाला. चार दिवस टिकला. मग लक्षात आलं, सूड डॉल्बीनं घेतलाय. मी नाही.

आणि अशात एकदा कचेरीच्या कामानं मी गडमुडशिंगीला गेलो होतो. थांब्यावर उभा होतो. गावातल्या दूध संस्थेच्या कर्ण्यातून पुकारा झाला, उद्या सकाळी सरकी पेंड वाटप आहे म्हणून. पण त्या शब्दांच्या आधी, माणूस बोलायच्याही आधी, कर्ण्यातून आला घुम्म असा हुंकार. माझ्या अंगावर काटा आला. आपलं लेकरू जत्रेत रडलं तर आई शंभरात ओळखते म्हणतात. मी माझी म्हैस ओळखली.

संस्थेच्या खोलीत गेलो. दुधाच्या कॅनांच्या रांगेमागं, फॅट काढायच्या यंत्राशेजारी डबा बसला होता. रेक्झिन फाटलेलं, पण इरकलीचा काठ तसाच.

"हा कुठनं आला?" मी सेक्रेटरींना विचारलं.

"लय वर्सं झाली, पावणं. ऑर्केस्ट्रावाल्या एका पावण्यानं दिला. म्हणला, म्हस हाय, दूध संस्थेतच शोभंल!" ते मनापासून हसले. मीही हसलो. दात चावून हसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

बदल्यात त्यांना एक नवा, न तापणारा सेट आणून दिला. डबा देताना सेक्रेटरींचाच चेहरा पडला. "थंडीत पहाटं ह्येच्यावर हात शेकायला लय बरं पडायचं वो."

मेस्त्री आता फारच म्हातारे झाले होते, पण डबा दिसताच उठून बसले. मागची फळी काढून आत बघत म्हणाले, "जोडीतला एक व्हॉल्व्ह फुटलाय. दुसरा एकटाच वढतोय इतकी वर्सं. बैलागत. म्हणून हंबरतोय." नवा कुठं मिळेल? "न्हाई मिळायचा. असला आता फकस्त जुन्या मोठ्या रेडिओत."

जुना मोठा रेडिओ मला एकच माहीत होता. गारगोटीला, मेव्हण्याच्या घराच्या पुढच्या सोप्यात, शोकेसवर, सासऱ्यांचा. सासरे गेल्यापासून तो कुणी लावला नव्हता. वर क्रोशाचा रुमाल, त्यावर प्लॅस्टिकची फुलं.

त्या भाऊबीजेला मी 'पाठ धरलीय' म्हणून सोप्यात आडवा झालो. आत ओवाळणीची गडबड. खिशात पेचकस होताच. मागचा पुठ्ठा काढला, व्हॉल्व्ह उपसला, रुमालात गुंडाळला, पुठ्ठा लावला, फुलं सरळ केली. मग ओवाळून घेऊन आलेल्या मेव्हण्यानं हातात लाडू ठेवला, तो पहिल्यांदाच पूर्ण खाल्ला. इतका गोड लाडू मी आयुष्यात खाल्ला नाही. माझी म्हैस त्यानं देऊन टाकली, मी त्याच्या बापाच्या रेडिओचं काळीज काढलं. आणि त्याला पत्ता नाही!

व्हॉल्व्ह बसला. जोडी जमली. डबा तापला आणि मी तार छेडली. काकवी! मेस्त्रींनी डोळे पुसले, मीही पुसले. फरक एवढाच, की ते सुरासाठी रडत होते आणि मी पुढच्या बेतासाठी.

बेत असा. सासूबाईंची पंचाहत्तरी गारगोटीला होती. अंगणात मांडव, सगळी भावकी, गडहिंग्लजचेही पावणे. तिथं डबा लावायचा, सासूबाईंच्या आवडीचं एक भजन गिटारवर वाजवायचं, लोक डोलायला लागले की मेव्हण्याच्या हातात माइक द्यायचा आणि विचारायचं, "पावणं, आता सांगा, ही म्हैस हाय का?" चारचौघं नव्हे, चारशे होते.

डबा वडापच्या जीपच्या टपावर बांधून नेला. मांडवात लावला, स्विच टाकला, तापत ठेवला. माइक माझ्या हातात होता. एवढ्यात मेव्हणा घरातून काहीतरी उचलून घेऊन आला. वर हार घातलेला. रेडिओ.

"आये," तो मोठ्यानं म्हणाला, "आज आबांचा रेडू तुला ऐकवायचा. किती वर्सं लावला न्हाई."

त्यानं पिन लावली, बटण फिरवलं. काटा असलेली पिवळी पट्टी उजळली. आवाज नाही. त्यानं थापट मारली. नाही. कोणी म्हणालं, एरियल बघा. कोणी म्हणालं, सेल टाका. लोक हसायला लागले. मेव्हण्याला घाम फुटला. बारा वर्षांत पहिल्यांदा तो चारचौघांत उघडा पडला होता, आणि माइक माझ्याकडं होता. खोटं कशाला बोलू, मी एक क्षणही थांबलो नाही.

"मंडळी, घाबरू नगासा! आमच्या पावण्यांची म्हस आटलीया!"

मांडव हसला. गडहिंग्लजचे पावणे तर मांड्यांवर थापा मारून. मेव्हण्याचे कान लाल झाले. बारा वर्षांची तहान भागली. किती गार वाटलं म्हणून सांगू.

फक्त सासूबाई हसल्या नाहीत. त्या खुर्ची रेडिओजवळ ओढून बसल्या होत्या. एक तळवा त्यांनी रेडिओच्या डोक्यावर ठेवला होता, ताप बघावा तसा.

"गप बसा की रं," त्या म्हणाल्या. "तापू द्या. ह्यांचा रेडू तापल्याशिवाय बोलत न्हाय."

आणि त्या वाट बघू लागल्या. लोक हळूहळू गप्प झाले. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्या हात काढेनात. सहा फुटांवर माझ्या डब्याच्या जाळीतून दोन व्हॉल्व्ह लालबुंद दिसत होते. त्यातला एक त्यांचा.

माझ्यातला सूड म्हणाला, आता वाजव, हीच वेळ. मी उठलो, डब्याचा स्विच बंद केला, मागची फळी काढली आणि व्हॉल्व्ह धरून उपसला. तो निखाऱ्यासारखा तापलेला असतो, हे डबा वाजवलेल्या माणसाला माहीत हवं. डाव्या हाताची, तारा दाबायची तीन बोटं चर्रर्र झाली. तरी सोडला नाही. चारशे माणसांच्या देखत मी रेडिओकडं गेलो, पिन काढली, पुठ्ठा काढला, व्हॉल्व्ह जागेवर बसवला, पिन पुन्हा लावली. कोणाला काही सांगावं लागलं नाही.

घुम्म असा हुंकार आला. मग खरखर. मग एक माणूस उसावरच्या किडीबद्दल सांगू लागला. सासूबाई ते भजन ऐकावं तसं ऐकत होत्या.

मेव्हण्यानं माझं मनगट धरून मला मागच्या अंगणात न्हाणीपाशी नेलं. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं बोटांवर धार धरली. तो खाली बघत म्हणाला, "दाजी, चुकलं माझं. म्हस म्हणाय नगं व्हतं. डबाबी द्याय नगं व्हता."

बोटांची आग विसरून मी म्हणालो, "हे बाहेर माइकवर म्हण."

"न्हाई," तो म्हणाला. "आता आई रेडू ऐकतीया."

परतीच्या एसटीत डबा पायांशी होता आणि बोटांना तूप चोपडलेलं. आत पुन्हा एकटाच व्हॉल्व्ह. म्हणजे डबा परत हंबरणार. मी धुमसत होतो. निढोरी गाव आलं तसं मला राहवेना. मी बायकोला म्हणालो, "शेवटी जिंकला तोच. व्हॉल्व्हही ठेवून घेतला. 'चुकलं' म्हणाला, पण चारचौघांत नाही. न्हाणीत म्हणाला. आम्ही दोघंच असताना. ते काही मी धरत नाही."

ती खिडकीतून बाहेरच बघत म्हणाली, "मी तांब्या घेऊन तितंच उभी व्हते की. मला मानसांत धरत न्हाईसा व्हय?"