हिरव्या पाण्याचं टाकं

मार्चमधल्या एका शनिवारी स्वारगेटहून सहाची एसटी पकडायची होती. सदाशिव पेठेत त्या वेळी रिक्षा मिळते, पण रिक्षावाल्याला यायचं असेलच असं नाही. मी पाठीवर सॅक आणि हातात दोन फावडी घेऊन चालतच निघाले. टिळक रस्त्यावर एका पोलिसाने विचारलं, "बाई, एवढ्या सकाळी कुठे खणायचंय?"

"गडावर," मी म्हटलं.

मी गणिताचे क्लास घेते, वय एक्कावन्न. आमचं मंडळ गडांवर जाऊन पाण्याची जुनी टाकी (खडकात खोदलेले हौद) साफ करतं आणि त्यातच मोहीम कशी न्यायची याचं शिक्षण देतं. पहिल्या चार मोहिमांत स्वयंपाक, दोराच्या गाठी, सगळ्यांच्या शेवटी चालणं. पाचवी मोहीम स्वतः न्यायची. ही माझी पाचवी होती आणि माझ्याबरोबर बाराजण होते. परीक्षक म्हणून देवधर सर. ते सत्तरीचे आहेत, वाटेत बोलत नाहीत, वहीत लिहितात.

"माझ्याकडे बघू नका," एसटीत बसताच ते म्हणाले. "मी आलेलो नाही असं समजा."

गडाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या लोकांना आमच्यासारख्यांचा पुरेसा त्रास झाला आहे.

पायथ्याच्या गावात सरपंचांच्या ओसरीवर पोहे आणि चहा झाला. महिनाभर आधी मी त्यांना फोन करून परवानगी घेतली होती. "करा की, चांगलं काम हाय," त्यांनी पुन्हा सांगितलं. मी नियोजनाच्या कागदावर 'परवानगी' या शब्दापुढे खूण केली आणि आम्ही चढायला लागलो.

चढ दोन तासांचा. करवंदीच्या जाळ्या, पायाखाली सुकलेलं गवत आणि घसरणारा मुरूम. अर्ध्या वाटेत माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला. मी खाली बसून तो सुतळीने बांधला. परीक्षेच्या दिवशीच हे व्हावं म्हणून माझी चिडचिड झाली. न आलेल्या देवधर सरांनाही राहवलं नाही. "लीडरचा तळ सुटला," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

माचीवर (गडाच्या निम्म्या उंचीवरच्या सपाटीवर) पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. पलीकडे तीन घरं दिसत होती. अलीकडे शेजारी शेजारी दोन टाकी. एकातलं पाणी नितळ, दुसऱ्यातलं हिरवंगार, वर शेवाळाची साय. कुठलं साफ करायचं याबद्दल कुणाला शंका आली नाही. मलाही नाही.

मी साखळी लावली. दोघे टाक्यात, बाकीचे हातोहात बादल्या पुढे देणारे, शेवटचा उतारावर ओतणारा. काम असं लागलं की कुणी गप्पाही मारेना. दीडपर्यंत पाणी घोट्यावर आलं आणि तळाचा काळा गाळ दिसायला लागला. वाघोलीहून आलेला तन्मय, आयटीतला पोरगा, म्हणाला, "मॅडम, बिफोर-आफ्टरचा फोटो भारी येणार!" खरं सांगते, मी खूश होते.

तेवढ्यात घरांच्या बाजूने एक बाई तीन म्हशी घेऊन आल्या. साठीच्या असतील. नाव बायजाबाई, हे नंतर कळलं. त्यांना आधी ओला उतार दिसला.

"पानी कुनी सोडलं?"

"आम्ही," मी पुढे झाले. "घाण झालं होतं ना, टाकं साफ करतोय."

"घान?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हशींचं पानी हाय त्ये. मानसांचं त्ये पल्याडचं. पाऊस येस्तवर दोन्ही पुरवायची असत्यात. आता म्हशी बी त्यातलंच पिनार. मग आमी काय प्यायचं?"

"आम्ही सरपंचांना विचारलं होतं," मी म्हटलं.

"त्ये खाली ऱ्हात्यात. त्यांच्या दारात नळ हाय."

मी काम थांबवलं. तन्मय म्हणाला, "पण मॅडम, आता थोडंच राहिलंय." मी त्याला गप्प बसवलं, तेही जरा जास्तच जोरात. मला मनापासून लाज वाटत होती. प्रश्न दोनदा वाचा म्हणून मी तीस वर्षं मुलांना ओरडत आले, आणि समोर तीन घरं दिसत असताना मला दोनशे पावलं चालून जावंसं वाटलं नव्हतं. देवधर सर डोंगराकडे बघत होते.

"काय करू, तुम्हीच सांगा," मी बायजाबाईंना म्हटलं.

"पानी काय उलटं वर चढतंय? ऱ्हायलंय त्ये म्हशींना पिऊ द्या. मग सगळा गाळ काढा. अर्धवट टाकू नगा. आन् गाळ फेकू नगा, माज्या वावरात टाका."

म्हशी प्यायल्या. मग रविवार दुपारपर्यंत आम्ही बायजाबाईंच्या हाताखाली घमेली वाहिली. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी भाकरी आणि ठेचा पाठवला.

परतीच्या एसटीत देवधर सरांनी वहीतला कागद फाडून माझ्या हातात दिला. उत्तीर्ण.

"सर, त्यांचं पाणी ओतून दिलं मी."

"थांबलातही. बारा वर्षं मी टाकी उपसतोय, एकदाही थांबलो नाही." थोड्या वेळाने ते म्हणाले, "कोणी सांगायला आलंच नाही. मी समजत होतो, सगळे खूश आहेत."

मे महिन्यात मी एकटीच पुन्हा वर गेले. टाकी बघायला थांबले नाही, आधी घराशी जाऊन हाक मारली. गोठा रिकामा होता.

"दोन भावाकडं हायत खाली," बायजाबाई म्हणाल्या. "एक इकली."

"पाण्यापायी?"

"मग काय हौशीनं?"

त्या आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आल्या. माझ्या सॅकमध्ये दोन भरलेल्या बाटल्या होत्या, पण नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. दोन घोट घेऊन मी तांब्या खाली ठेवला.

"पुरतं प्या," त्या म्हणाल्या. "एवढ्यानं काय टाकं आटत न्हाई."