बारा ग्रॅम

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा या जगात कुणावरही विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, डॉक्टरवर नव्हता, आणि काकूंनी "मीठ घातलंय" म्हटलं तरी ते आमटी चाखून मगच मान हलवत. विश्वास दोनच गोष्टींवर: उजव्या हाताचं मधलं बोट आणि सोनारी बाजारातून आणलेला छोटा वजनकाटा. बोटाच्या पेराने लाकूड ठोकायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा. बँकेत ते मॅनेजरचं टेबल ठोकत. एकदा सांत्वनाला गेले असताना, घरची मंडळी डोळे पुसत होती तेव्हा, त्यांनी देव्हारा ठोकून "आंबा आहे, वाकणार" असं जाहीर केलं होतं. माझ्या वास्तुशांतीला सासरची सगळी माणसं बसलेली, आणि काकांनी माझं मुख्य दार ठोकलं. "साग सांगितला का रे तुला? आत भुसा आहे, भुसा!" सासरे हसले. मीही हसलो. पण तो भुसा मी विसरलो नाही, आणि पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथे आहे.

नोकरीत काकांनी तळोज्याच्या एका कारखान्यात जन्मभर फायबरग्लासच्या टाक्या बनवल्या. निवृत्तीनंतर लोक बाग नाहीतर भाच्यांची लग्नं हाती घेतात, काकांनी धनुष्य घेतलं. त्यांच्या उंचीहूनही लांब. मधे लाकडाच्या पातळ पट्ट्या, पोटाला आणि पाठीला फायबरग्लासची पट्टी, सगळं एकमेकांना चिकटवलेलं. "ताकद काचेची रे," ते म्हणत, "पण स्वभाव आतल्या लाकडाचा." त्या स्वभावासाठी त्यांनी दीड वर्ष स्थळं पाहिली. साग तेलकट, चिकटवलेलं धरत नाही. आंबा पाणी पितो. फणस जड, बाण आळसावून सुटतो. बांबू चांगला, पण दर वितीवर पेर. शेवटी मन बसलं शिवणीवर: हलकी, सरळ रेषांची, हवापाण्याने सहसा वेडीवाकडी न होणारी. कोन गावात एक जुनं घर पाडत होते, तिथे काका शिवणीच्या एका फळीपाशी अर्धा तास उकिडवे बसले. ठोकतायत, हुंगतायत, उन्हात धरून रेषा बघतायत. घराचा मालक कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "काका, तुमी लाकूर बगाला आलाव का सून?"

"सून नाही पटली तर वेगळी राहते," काका गंभीरपणे म्हणाले. "हिला दोन काचांमध्ये जन्म काढायचाय."

"मंग न्या. नांदवा तिला."

फळीच्या चार पट्ट्या झाल्या आणि काकूंच्या साड्यांच्या कपाटात राहायला गेल्या. साड्या कॉटखाली. कपाटात साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब दिवसरात्र चालू, कारण आपल्या पावसात उघड्यावरचं लाकूड ओल ओढतं, आणि ओल्या लाकडावरून काच सुटते. "एलईडी उजेड देतो, ऊब नाही देत. हल्लीच्या माणसांसारखा." रोज सकाळी पट्ट्यांचं वजन व्हायचं. काकू म्हणत, "माझं वजन कधी विचारलंत का एवढ्या मायेने?"

त्या जुलैत काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन मुलीकडे पुण्याला ठरलं. काका बारा दिवसांसाठी निघाले आणि किल्ली माझ्या हातात दिली. "पट्ट्यांना हात लावू नकोस. फक्त बल्ब बघ. गेला तर लगेच बदल."

तिसऱ्या दिवशी बल्ब गेला. तसला बल्ब बाजारातल्या एकाच दुकानात मिळायचा आणि बाहेर धो धो पाऊस होता. पण खरं कारण पाऊस नव्हे. काळोख्या कपाटासमोर उभा असताना मला माझं दार आठवलं. भुसा. मी कपाट लावून घेतलं. नवा बल्ब लावला तो ते यायच्या आदल्या दिवशी.

काकांनी आल्या आल्या चपलाही न काढता विचारलं, "चालू होता ना रे?"

"चालूच होता, काका."

मग त्यांनी पट्ट्या काट्यावर ठेवल्या. बारा ग्रॅम जास्त. पुन्हा ठेवल्या. बारा. काट्याचे सेल बदलले, तरी बारा. त्यांनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. जन्मात कुणावर विश्वास न ठेवलेला तो माणूस म्हणाला, "काटा गेला माझा," आणि काटा भंगारात टाकला. मी तिथेच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं.

पट्ट्या त्यांनी तशाच, दुसऱ्याच दिवशी चिकटवल्या. धनुष्य झालं. बेलपाड्यामागच्या मोकळ्या जागेत तिसऱ्या बाणाला धनुष्याच्या वरच्या अर्ध्या भागाची काच लाकडावरून सोलून निघाली, आतली पट्टी मोडली आणि तिचा तुकडा काकांच्या डाव्या डोळ्यात गेला. डोळा वाचला, नजर गेल्यातच जमा. इस्पितळात ते एवढंच म्हणाले, "लाकूड चुकलं. माझ्या हाताची पारख गेली रे."

त्यानंतर त्यांनी काही ठोकलं नाही. दूध येईल तसं प्यायले, आमटी येईल तशी खाल्ली. काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "कशालाच नावं ठेवत नाहीत गं. भीती वाटते मला." दोन वर्षं मी त्यांना डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेत होतो. सोसायटीतले लोक म्हणायचे, पोटचा मुलगा करणार नाही एवढं करतो. मी ते ऐकून घ्यायचो. तेही माझंच पाप.

गेल्या महिन्यात दोघं कायमचे पुण्याला निघाले. पनवेलच्या स्टँडवर काकू बसमध्ये जागा धरून बसल्या होत्या. काका काठी टेकत पायरीपाशी आले, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. बल्ब, दार, आदला दिवस. ते शिव्या देतील, काठी उगारतील, याची मी तयारी केली होती. खरं म्हणजे तीच इच्छा होती.

"किती दिवस बंद होता?" त्यांनी विचारलं.

"आठ."

ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिले. कंडक्टर ओरडला, "चला आजोबा, चढा!"

"आठ दिवसांत बारा ग्रॅम. बरोबर आहे," काका म्हणाले. "म्हणजे काटा बरोबर होता." मग थांबून, अगदी हळू, "शिवणही बरोबर होती रे."

माझ्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही, चांगला ना वाईट. गाडीत चढले. बस मागे येऊन वळली तेव्हा ते खिडकीपाशी दिसले. काठी आडवी धरली होती, मधल्या बोटाच्या पेराने तिला ठोकत होते, आणि कान अगदी जवळ नेला होता. बाहेर मी हात हलवत होतो. त्यांचं लक्ष नव्हतं.