गुण जाईल म्हणून

आमच्या चंपावहिनीला "बरी आहेस ना?" असं विचारायची सोय नाही. "माका काय धाड भरलीहा?" हे उत्तर ठरलेलं. ताप असो, हात भाजलेला असो, या बाईला धाड कधी भरतच नाही. मी तिची नणंद, कमल. मुंबईत चारकोपला तिच्या शेजारच्याच सेक्टरमध्ये राहते आणि नणंदेने जेवढं भांडावं त्याहून चार भांडणं जास्तच केली आहेत मी तिच्याशी. पण खरं ते सांगते, अशी बाई शोधून मिळायची नाही. माझ्या भावाची, राजारामदादाची, कंपनी बंद पडली तेव्हा ती रडत बसली नाही. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यांना डबे द्यायला लागली. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी, सोलकढी. पहाटेपासून ओट्यापाशी उभी. त्या उभं राहण्यानेच तिचे गुडघे गेले. जिना उतरताना आडवी होऊन उतरायची आणि वर आम्हालाच सांगायची, "माका काय धाड भरलीहा?"

मग मागच्या गणपतीला ती गावाला गेली आणि परत आली ती ठणठणीत. जिना सरळ उतरायला लागली. आम्ही म्हटलं, गावचं पाणी मानवलं. तिचा भाऊ नंदू तिकडे कणकवलीजवळ रिक्षा चालवतो. बहिणीवर फार जीव त्याचा. लक्झरी बसच्या ड्रायव्हरकडे दर महिन्याला पार्सल देतो. कोकम, कुळीथ, तिरफळं असं काहीबाही. ते पार्सल बोरिवलीला हायवेवरून आणायला वहिनी स्वतः जायची. दुसऱ्या कुणाला पाठवायची नाही. आता कळतं का ते.

हळूहळू तिचा चेहरा भरायला लागला. बायका म्हणायच्या, "चंपाताई, अंगाला लागलं हो!" ही खूश. पण अंगाला लागणं असं असतं का? पोट पुढे, मानेमागे मांसाचा उंचवटा, आणि हातपाय मात्र काटक्या. जरा कपाटाचा कोपरा लागला की हातावर काळंनिळं. एकदा साडी बदलताना तिच्या लेकीने, श्रुतिकाने, तिच्या पोटावर जांभळे पट्टे पाहिले आणि मला फोन केला. "आत्या, आईला काहीतरी झालंय गं. जमिनीवर बसली की उठताच येत नाही तिला." तोवर बीपी वाढलं होतं, साखरही निघाली होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि बोरिवलीच्या हार्मोनच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं.

बाई तरुण होत्या, पण घाई नाही. त्यांनी समजावून सांगितलं, "कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन शरीरात जास्त झालं की असं दिसतं. ते का जास्त झालं ते शोधायचं. कधी मेंदूच्या खालच्या ग्रंथीत गाठ असते, कधी किडनीच्या वरच्या. पण बहुतेक वेळा बाहेरून पोटात गेलेलं स्टेरॉइड असतं. काही गोळ्या घेता का? इंजेक्शन, दम्याचा पंप, क्रीम? गावठी औषध, पुडी, काढा?"

"नाय," वहिनी म्हणाली.

"गुडघ्यासाठी वगैरे?"

"नाय ओ. माका औषधाची सवयच नाय."

मी शेजारीच बसले होते. मला काही वावगं वाटलं नाही. मला फक्त 'गाठ' हा शब्द ऐकू आला होता.

पुढचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. श्रुतिका मोबाइलवर वाचायची आणि रडायची. मेंदूत गाठ, नाकातून ऑपरेशन, असलं काय काय. दादा तर देवासमोरून हलेना. आणि वहिनी? तपासणीसाठी आख्ख्या दिवसाची लघवी कॅनमध्ये साठवून फ्रिजमध्ये ठेवायची होती, तर तिचा सगळा जीव त्याच फ्रिजमधल्या डब्यांच्या सोलकढीत! "गाळ्यातल्या माणसांका कळला तर माझे डबे बंद होतले." कॅनला तिने जुन्या साडीची चिंधी गुंडाळली आणि श्रुतिकाला दम दिला की या बाजूला हात लावशील तर खबरदार. मी हसले.

रिपोर्ट आले ते उलटेच. बाईंनी ते दोनदा वाचले. "दिसायला हार्मोन ओसंडून वाहतंय, आणि रक्तात जवळजवळ नाहीच. लघवीतही नाही. याचा अर्थ बाहेरून काहीतरी जातंय आणि यांची स्वतःची ग्रंथी झोपली आहे. चंपाताई, आठवून सांगा. काहीही असू दे, मी रागावणार नाही. आणि घेत असाल तर एकदम बंद करू नका. जिवावर बेतेल."

वहिनीने पदराने तोंड पुसलं. "नाय घेत काय," म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिला रिक्षातच धरलं. "वहिनी, माझ्या डोळ्यात बघून सांग."

"तुझ्या डोळ्यांत काय बघूचा? काजळ फिसकटलाहा."

झालं. तिच्याशी कोण बोलणार? पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. रोज सकाळी फोन करायचे. ती उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

आणि एक दिवस तिने उचललाच नाही. उचलला श्रुतिकाने. "आत्या, आई उलट्या करतेय दोन दिवस. आत्ता ओट्यापाशी पडली. डोळे फिरवतेय गं!" मी पायात चपला न घालता धावले. भाकरी तव्यावर जळत होती आणि वहिनी खाली फरशीवर, अंग बर्फासारखं गार. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सगळ्या देवांना मी नवस बोलले आणि सगळ्यांना शिव्याही घातल्या.

कॅज्युअल्टीत बीपी लागेना. सलाइन लावलं. आमच्या हार्मोनच्या बाईंना फोन केला, त्यांनी फोनवरूनच इंजेक्शन सांगितलं, आणि थोड्या वेळाने स्वतः आल्या. वहिनीच्या ओठांवर जरा रंग आला तेव्हा त्यांनी खाली वाकून विचारलं, "चंपाताई, काय बंद केलंत?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यातून पाणी घळाघळा. "सांगलंय तर गुण जातलो."

आमच्याकडे हे असंच आहे. झाडपाल्याचं औषध देणारा बजावूनच देतो, कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की औषधाचा गुण जातो. विंचू उतरवणाऱ्यापासून काविळीचं औषध देणाऱ्यापर्यंत सगळ्यांचं तेच. आणि वहिनी दिलेला शब्द मोडणाऱ्यातली नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही, डॉक्टरला तोंडावर खोटं बोलली. मग डॉक्टरणीला सुगावा लागलाय असं वाटलं, तेव्हा पुढची तपासणी चांगली यावी म्हणून या शहाणीने गुपचूप पुड्या बंद केल्या! जे करू नका सांगितलं होतं, नेमकं तेच.

माझा तोल गेला. "गुण गेला खड्ड्यात! तू जात होतीस ना आत्ता! श्रुतिकाने काय करायचं होतं, गुण घेऊन बसायचं होतं?" नर्स म्हणाली, "मावशी, हळू." हळू कसली?

मग तिने सांगितलं. गुडघ्यासाठीची पुडी. गावातला एक वैदू देतो, आणि नंदूच्या पार्सलातून ती यायची. तांदळाच्या डब्यात तळाशी पुरलेल्या होत्या, त्या श्रुतिकाने आणल्या. पांढरी भुकटी, वर नाव ना गाव. बाई म्हणाल्या, "तपासायला पाठवू. पण असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे. दुसरं कुणी घेतं का?" वहिनीने मान हलवली. नाही.

मेंदूत गाठ नव्हती. दादा हात जोडून भिंतीला टेकला. पण औषध म्हणून गोळी लिहून दिली तीही स्टेरॉइडचीच, तेव्हा तो भडकला. "जे विष, तेच औषध?" बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येत राहिलं आणि पंप गंजून गेला, असं समजा. टँकर एकदम बंद केला तर नळ कोरडे. म्हणून टँकर हळूहळू कमी करायचा आणि पंप सुरू होतो का ते बघत राहायचं. वर्षही लागेल. ताप आला तर गोळी दुप्पट. उलटी झाली तर थेट इकडे. आणि त्या ही गोळी घेतात हे सगळ्यांना माहीत हवं."

सगळ्यांना! वहिनीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तिने ऐकलं मात्र. गोळी कमी कमी होत गेली, चेहरा उतरला, साखर आटोक्यात आली. आणि गुडघे परत बोलायला लागले. जिना परत आडवा. एकदा मधल्या पायरीवर थांबून ती मला म्हणाली, "बघ. सांगलंय, आणि गुण गेलो." मी तिला समजावलं की स्टेरॉइडने दुखणं नुसतं दाबलं होतं. तिने हुं केलं. तिला पटलं नाही, आणि मला धास्ती पडली की ही पुन्हा पुडीकडे वळणार. तांदळाचा डबा मी येता-जाता तळापर्यंत चाचपायचे.

परवा मी तिथेच होते. नंदूचा व्हिडिओ कॉल आला. त्याला वहिनीने आजारपणाचं एवढंच सांगितलं होतं की साखरेने चक्कर आली; पुडीचा विषय काढलाच नव्हता. श्रुतिकाने फोन वहिनीसमोर धरला. नंदूचा चेहरा गोल गरगरीत. डोळे बारीक.

"नंद्या, तुझो चेहरो असो कसो झालो?"

"गुबगुबीत झालंय म्हणतत सगळे," तो हसला, पण हसण्यात दम नव्हता. "रिक्षा चालवून कंबर गेलेली ना, म्हणून मीपण तीच पुडी खातंय. पण वैदू खंय तरी गेलोहा. पुड्यो संपल्यो. कालपासून गरगरता माका. दोनदा उलटी झाली."

वहिनी ताडकन उभी राहिली. ते गुडघे घेऊन कशी उठली देव जाणे. श्रुतिकाच्या हातातून तिने फोन ओढून घेतला आणि अशी ओरडली की खालच्या मजल्यावरची माणसं दारात आली.

"नंद्या! आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा! तू चालवू नको, शेजाऱ्याक रिक्षा काढूक सांग! आणि डॉक्टराक पयला सांग, मी पुडी खाय होतंय, एकदम बंद झाली! समजला? मी मरान वाचलंय रे त्याच्यान!"

तिकडे त्याच्या बायकोची धावपळ ऐकू आली. नंदू मात्र तसाच बघत राहिला, लहान पोरासारखा.

"पण ताये, सांगलंय तर गुण जातलो ना गो?"

वहिनीने दुसऱ्या हाताने ओटा घट्ट धरला होता. अजूनही तिचा त्यावर विश्वास आहे, मला ठाऊक आहे.

"जावंदे गुण," ती म्हणाली. "तू जितो रव."