जोडीचा निरोगी माणूस

सोलापुरात साठी ओलांडलेला आणि एकही गोळी न खाणारा माणूस मला शोधून दाखवा, असं मी त्या वर्षी भेटेल त्याला म्हणत होते. एका खाजगी रुग्णालयाच्या संशोधन विभागात माझी नोकरी. काम सांगायला सोपं. ज्यांचं हृदय कमजोर झालंय, रक्त पुरेसं ढकलत नाही, असे रुग्ण एकीकडे आणि त्यांच्याच वयाची धडधाकट माणसं दुसरीकडे. दोघांच्या हृदयाचा इको काढायचा, रक्त घ्यायचं, कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालायला लावायचं आणि फरक लिहून काढायचा. रुग्ण हवे तेवढे मिळत. धडधाकट मिळता मिळत नसत. प्रत्येक रुग्णाला त्याच्या वयाचा एक जोडीदार लागे. आम्ही त्याला जोडी लावणं म्हणायचो, जणू वधू-वर सूचक मंडळच उघडलं होतं.

मंगळवेढ्याकडचे एक मामा बरेच दिवस जोडीवाचून राहिले होते. वय सहासष्ट, जन्म मेंढरांमागे गेलेला. पहिल्यांदा आले तेव्हा चार पावलं चालून धापा टाकायचे. गोळ्या लागू पडल्या आणि माणूस उभा राहिला. बायकोला मागे टाकून जिना चढायला लागले. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे.

घरी, शुक्रवार पेठेत, जेवताना माझं रोजचं रडगाणं हेच. माणूस मिळत नाही, वरून विचारणा होतेय, काम अडलंय. माझे वडील, अण्णा, शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांचंही वय सहासष्टच. एके दिवशी भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मला घे की."

"अण्णा, तुमची बीपीची गोळी चालू आहे."

"ती कधीच बंद केली डॉक्टरांनी. बीपी नॉर्मल आहे म्हणाले."

परक्या माणसाकडे मी डॉक्टरांचा कागद मागितला असता. बापाकडे मागितला नाही. मला ते खरं असायला हवं होतं, एवढंच. तपासणीच्या दिवशी पहिलं बीपी जास्त आलं. अण्णा म्हणाले, चालत आलोय. दहा मिनिटं बसवलं, दुसरं थोडं उतरलं. तिसरं मर्यादेत बसलं आणि मी तिसरंच लिहिलं. तिन्ही लिहायचा नियम होता.

आणखी एक आगाऊपणा मी केला. रुग्ण आणि निरोगी यांना आम्ही वेगवेगळ्या दिवशी बोलवायचो. मला एकदाचं उरकायचं होतं, म्हणून मामा आणि अण्णा दोघांना एकाच सकाळी बोलावलं. दोघं बाहेरच्या बाकावर तासभर शेजारी बसले होते. अण्णांना बोलायला माणूस मिळाला की घड्याळ दिसत नाही. काचेतून त्यांना हातवारे करताना पाहून मला बरं वाटलं. मामा हसत होते.

तीन आठवड्यांनी मावशी मामांना घेऊन एसटीने आल्या. पाय सुजून टम्म, बोटाने दाबलं तर खड्डा पडत होता. आडवं झालं की गुदमरायचे, म्हणून दोन रात्री भिंतीला टेकून बसून काढलेल्या. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या वेळेवर घेताय ना?

"घेतुय की," मामा म्हणाले.

मावशींनी पिशवी उलटी केली. गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी होती.

मामांना भरती केल्यावर मावशींनी मला बाहेर गाठलं. "ताई, तुमास्नी म्हणून सांगते. त्या दिशी बाकावर तुमचं अण्णा ह्यांना म्हणालं, मी गोळ्या सोडल्यात, लेकीचं काम अडलं हाय म्हणून. धा दिस झालं, कायबी झालं न्हाय. घरला आल्यावर ह्यांनी लगीच गोळ्या बंद केल्या. मी भांडले की! तर म्हणत्यात, त्यो म्याडमचा बाप हाय, त्याला आपल्यापरीस जास्त कळतंय."

मावशींच्या आवाजात राग असता तर मी सावरले असते. त्या मला नुसतं सांगत होत्या.

घरी गेले आणि दारातच अण्णांवर ओरडले. शेजारणी खिडकीत आल्या तरी थांबले नाही. अण्णांनी ऐकून घेतलं. "तूच रोज म्हणत होतीस," एवढंच म्हणाले. ते खरं होतं आणि खरं होतं म्हणून मी आणखी ओरडले. मग त्यांच्यासमोर पाणी ठेवलं आणि गोळी घ्यायला लावली. गिळून त्यांनी लहान मुलासारखं तोंड उघडून दाखवलं. मला त्यांची कीव आली आणि त्या किवेचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी आमच्या विभागाच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. तिन्ही बीपींसह. ते ओरडले नाहीत. कागद पुढे करून म्हणाले, "हे सगळं लिहून द्या." अण्णांचा फॉर्म रद्द झाला. मामा पुन्हा जोडीवाचून राहिले. नोकरी जाईल की राहील ते मला माहीत नव्हतं आणि त्या आठवड्यात तरी मला त्याची पर्वा नव्हती. मला फक्त मामांचा श्वास हवा होता.

चौथ्या दिवशी त्यांचा श्वास जरा मोकळा झाला. पण पलंगावरून उठून खुर्चीत बसायलाही दोघांचा आधार लागत होता. पूर्वीइतकं चालता येईल याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. अण्णा माझ्यासोबत वॉर्डात आले. पलंगापाशी उभे राहून त्यांनी हात जोडले.

मामांनी ऑक्सिजनची नळी सरकवली. "अण्णा, तुमी बी सोडल्या, मी बी सोडल्या. तुमास्नी कायबी झालं न्हाय. मग मलाच का वो?"

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

मी खुर्ची ओढून सांगायला बसले. अण्णांचं हृदय अजून स्वतःच्या ताकदीवर चालतंय, तुमचं थकलंय. तुमच्या गोळ्या त्याला रोज हात देतात. हात काढला की ते बसतं. म्हणून दुसऱ्याचं पाहून आपली गोळी सोडायची नसते. पाच मिनिटांत सांगून झालं. मामांनी मान हलवली. "व्हय, आता कळलं."

मावशी इतका वेळ मामांच्या सुजलेल्या पायावरून हात फिरवत होत्या. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं.

"एवढंच व्हतं व्हय ताई? मग ते आदी का न्हाय सांगितलं?"