एक वैनी वजन

सुमनचा फोन आला तेव्हा मी नानांच्या पाठीला तेल लावत होते. सकाळचे दहा वाजले असतील. दोन्ही हात तेलाचे, म्हणून स्पीकर लावून फोन उशीवर ठेवला. "वैनी, ह्यांनी चहा मागितला... मी घेऊन आले तर मान खाली," एवढंच ती म्हणाली आणि मग नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. नाना कुशीवर होते, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते संध्याकाळपर्यंत वळवलं नाही. आणि मी? सुमनच्या नवऱ्याचा, उत्तमचा, आणि आमचा चाळीस वर्षांहून जास्त घरोबा, पण माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल, तर बोल्ट राहिले! सांगायला लाज वाटते. पण सत्तरी उलटल्यावर खोटं बोलण्याचेही कष्ट नकोसे होतात.

नाना म्हणजे माझे यजमान. ते आणि उत्तम एकाच कारखान्यात होते. नाना स्टोअरमध्ये, उत्तम फिटर. उत्तमचं घर मुकुंदवाडीला, स्टेशनच्या अलीकडं. घरामागं पत्र्याची शेड आणि शेडमध्ये त्यानं स्वतः खणलेला एक खड्डा. गाडी खड्ड्यावर उभी करायची आणि आपण खाली उतरून, वर बघत काम करायचं, अशी त्याची पद्धत. दर रविवारी तिथं आमची गाडी तरी असायची नाहीतर नाना तरी. गाडीचं नाव ढवळी. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी नानांनी ती जुनीच घेतली होती. गोल दिवे, फुगलेले गाल, माझ्या बिडकीनच्या माहेरच्या गायीसारखा रंग. पुढं उत्तमनं तिच्यात इतकं काय काय बदललं की इंजिन एकीचं, सीट दुसरीच्या, आरसे तिसरीचे... कपाळ तेवढं तिचं स्वतःचं उरलं.

त्या काळातली मी तुम्ही पाहायला हवी होती. बिडकीनची मुलगी, शहरात येऊन वर्ष झालं नाही तोच नायलॉनची साडी, काळा गॉगल आणि दहा बोटांना लालभडक नेलपॉलिश. शहागंजच्या बाजारात भाजीसुद्धा मी गॉगल लावून घ्यायची. भाजीवालीनं एकदा विचारलं, डोळे आलेत का बाई? अंगानं मी चांगली भरलेली होते, पण हे सत्य घरातल्या आरशाला आणि मला सोडून सगळ्यांना दिसत होतं. तर अशा या राणीसरकारांना उत्तम पहिल्याच भेटीत म्हणाला, "जयभीम वैनी. जरा मागच्या शिटावर बसा बरं. वजन पायजे."

त्यानं ढवळीच्या मागच्या पाट्यांचे रबरी बुश बदलले होते. पाटे म्हणजे मागच्या चाकांवर गाडीला तोलून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या. त्यांच्या टोकांना बोल्ट असतात आणि बोल्टाभोवती रबर. ते बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीत माणूस बसलेलं असताना, हा त्याचा नियम. मला नियम कुठला कळतोय? मला एवढंच कळलं की नवऱ्याच्या मित्रानं मला जाड म्हटलं. "मी काय ज्वारीचं पोतं आहे?" असं म्हणून मी गॉगल सावरला आणि ओट्यावर जाऊन बसले. नानांना पैठणला लग्नाला जायची घाई होती, म्हणून उत्तमनं रिकाम्या गाडीतच बोल्ट आवळले.

पुढच्या महिन्यात मी त्याच गाडीतून माहेरी निघाले. बिडकीनच्या वेशीपासून ढवळी जी कुईं-कुईं ओरडायला लागली ती आमच्या दारापर्यंत. डुकराचं पिल्लू धरून आणलंय की काय, म्हणून लोक घराबाहेर आले. आणि मी मागं गॉगल लावून! परत आल्यावर उत्तमनं फाटलेलं रबर माझ्या हातावर ठेवलं. "वैनी, निजलेल्या मानसाची मान वाकडी बांधली अन् मंग त्याला उठवून चालायला लावलं, तर ते बोंबलंल का नाय? रबराचं तसंच हाय. जसं उभं ऱ्हायचं, तसंच असताना कंबर कसायची." त्या दिवशी मी निमूट मागच्या सीटवर बसले. खालून त्याचा आवाज आला, "नाना, हिथं खून करायला रंग नाय." आवळून झालेल्या बोल्टावर तो रंगाची रेघ ओढायचा, म्हणजे कुठला झाला अन् कुठला राहिला ते चुकत नाही. मी पर्समधली नेलपॉलिशची बाटली काढून खिडकीतून खाली दिली. ती माझी माफी होती. त्यालाही ते कळलं असावं, कारण बाटली त्यानं कधीच परत केली नाही.

तेव्हापासून 'वैनी' हे त्याच्या शेडमधलं माप झालं. गाडी दुसऱ्या कुणाचीही असो, खड्ड्यातून आवाज यायचा, "ह्याला दीड वैनी लागंल!" आणि सुमन पोती, दगड, शेजारपाजार, जे मिळेल ते मागं बसवायची. मी चिडायची, मग हसायची, आणि शेवटी शेवटी तर मला त्याचा मानच वाटायला लागला. किलोला कुणाचं नाव आहे सांगा.

चार वर्षांपूर्वी नानांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. धक्का चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि आपल्याकडच्या रस्त्यांना दुसरं काही देताच येत नाही. एकदा लेकीच्या गाडीतून त्यांना कोपऱ्यापर्यंत नेलं तर तीन दिवस कण्हत होते. त्यानंतर त्यांनी घर सोडलं नाही. खिडकी, पलंग, खुर्ची. बिडकीनला माझ्या माहेरकडून आमच्या वाट्याला आलेली विहीर आहे, भोवती आता कारखान्यांच्या भिंती आल्यात म्हणतात. ती एकदा बघायची, एवढंच त्यांचं मागणं. मी रोज त्यांना उठवत होते, बसवत होते, कूस बदलत होते. थकवा असा की रात्रीची झोप सकाळी अंगावरच सापडायची. त्या काळात उत्तम एकदा आला, नानांच्या पायथ्याशी बसला आणि म्हणाला, "पाटे काढून टाकतो. मागचं सगळं दुसऱ्या गाडीचं बसवतो. नानाला ढवळीतच नेऊ."

भंगारात गेलेल्या एका मोठ्या गाडीचा मागचा सांगाडा त्यानं मिळवला; धुरा, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा कणा, गोल स्प्रिंगा, दांड्या, सगळं. मी म्हटलं, "स्प्रिंगा बसवल्या की झालं ना?" तो हसला. "वैनी, पाटा म्हंजी जुन्या वळनाची सून. वजनबी उचलती, अन् घरबी धरून ठिवती. स्प्रिंग नुसती उचलती. चाकं जागंवर धरून ठिवायला दुसरी मानसं लागत्यात." ती दुसरी माणसं म्हणजे लांब दांड्या, आणि धुरा डावी-उजवीकडं सरकू नये म्हणून एक आडवी. त्या ढवळीच्या पोटाला जोडायच्या तर लोखंडाचे कान वेल्डिंग करून लावायचे. प्रत्येक कान तो आधी मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापून, लावून बघायचा. मधुमेही नानांच्या घरात मिठाईची खोकी साठायला लागली, ती अशी. धुरा चार बोटं रुंद निघाला, चाकं पदर सुटल्यासारखी बाहेर आली. तो धुरा कापून, आखडून आणण्यात एक उन्हाळा गेला. त्याचा स्वतःचा दम वाढत होता. खड्ड्यातून वर यायला तो आता सुमनचा हात धरायचा, हे मी पाहिलं होतं. पाहिलं, आणि नानांच्या औषधाची वेळ झाली म्हणून निघून आले.

मग त्याचे फोन सुरू झाले. "वैनी, सगळं बसलंय. बोल्ट नुस्ते हातानं लावलेत. या बसायला." मी म्हटलं, गुडघे दुखतात. मग ऊन आहे. मग नानांना सोडून कशी येऊ. एकदा वैतागून म्हटलं, "अरे, पोतं ठेव की!" तर म्हणाला, "पोतं सांगत नाय ना, बसल्यावर पाठीला बरं वाटतंय का ते." खरं कारण मी त्याला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. गेल्या दोन वर्षांत मी आटले होते. ब्लाउजच्या बाह्या लोंबायला लागल्या होत्या. त्यानं सगळा हिशोब एका वैनीचा धरलेला, आणि मी पाऊणसुद्धा उरले नव्हते. ते त्याला दिसू नये असं वाटत होतं. तरुणपणी जाड दिसते म्हणून बसले नाही, म्हातारपणी वाळले म्हणून. बाई बदलली, गाढवपणा तोच. शेवटचा फोन रविवारचा. "वैनी, येताय ना?" "पुढच्या रविवारी नक्की." "लई झालं हे पुढच्या रविवारचं," असं म्हणून तो हसला होता... तो बुधवारी गेला.

सुमन दीड महिना शेडमध्ये गेली नाही. मग तिनंच फोन केला. "वैनी, या. बोल्ट आवळून टाकू. ह्यांचं हे राह्यलेलं बघवत नाय." लेकीला नानांजवळ बसवून मी गेले. ढवळी खड्ड्यावर तशीच उभी होती, धुळीनं खरोखरच ढवळी. सुमन पदर खोचून खड्ड्यात उतरली. पाने देता-घेता तिनं चाळीस वर्षं काढलेली. कुठला पाना कुठल्या बोल्टाला, हे तिला विचारावं लागत नव्हतं. कोनाड्यात पुठ्ठ्याचे कान एकावर एक रचलेले आणि त्यांच्यावर माझी बाटली. आतलं पॉलिश त्यानं कधीच संपवलं होतं. लाल ऑइलपेंट भरून ठेवला होता.

मी मागचं दार उघडून बसले. सीट थोडी खाली गेली. थोडीच. खालून सुमनचा आवाज आला, "वैनी, बसल्या का?"

"बसले गं."

"अजून गाडी बसंना..." तिला कळलं होतं.

उत्तम असता तर काय म्हणाला असता, ते मला अगदी ऐकू येत होतं. मग मी म्हटलं, "सुमन, वर ये. घरात ज्वारीचं पोतं असलं तर आणू दोघी. मी एकटी पुरत नाही."

पोतं आम्ही ओढत आणलं, मध्ये दोनदा टेकलो, आणि माझ्या शेजारी सीटवर बसवलं. सुमन पुन्हा खाली उतरली. एकेक बोल्ट आवळल्याचा कट्कन आवाज येत होता आणि दर आवाजानंतर ती म्हणायची, "झाला." शेवटच्या 'झाला'नंतर बराच वेळ ती वर आली नाही.

गेल्या रविवारी लेकीनं ढवळी चालवली. नाना पुढं, मी मागं. बिडकीनच्या रस्त्याला लागल्यावर तो उंच गतिरोधक आला, ज्याच्या भीतीनं मी दोन दिवस जेवले नव्हते. गाडी उचलली गेली आणि अलगद खाली बसली. नानांनी डोळे घट्ट मिटले होते. काही वेळानं ते म्हणाले, "तो गतिरोधक कधी येणार?"

"गेला," मी म्हटलं.

मग विहिरीपर्यंत त्यांनी डोळे उघडेच ठेवले. पोतं माझ्या शेजारीच होतं. लेक म्हणते, काढून ठेवू आता, उगाच जागा अडते. मी काढू देत नाही.