जहाँआराचाचीची दोन चौकट

जुन्नरच्या कापडपेठेत चेतनाच्या सासऱ्यांचं दुकान. साड्यांना फॉल-पिको करायचा तो जहाँआराचाचीकडून, हे ठरलेलंच. एका दुपारी चेतना साड्यांचं गाठोडं घेऊन गेली, तर चाचीनं शिलाई मशीनच्या फळीवर पत्ते मांडलेले. चारही बाजूंचे हात एकट्याच खेळत होत्या.

"एकट्या काय खेळता चाची?"

"चौथा भिडू मिळेनासा झालाय बेटा. तिसरा पण नाही. दुसराही नाही," चाची हसल्या.

त्यांचे मियाँ महंमद हनीफ येडगाव धरणावर नोकरीला होते. तिथल्या वसाहतीत साहेबलोक संध्याकाळी ब्रिज खेळत. एकदा चौथा माणूस आला नाही, म्हणून हनीफभाईंनी बायकोला बसवलं. आठ दिवस गंमत, असं सगळ्यांना वाटलं. पुढं चाची आल्याशिवाय डाव मांडेनात. हनीफभाई गेले, वसाहत ओस पडली, आणि चाची जुन्नरला येऊन मशीनवर बसल्या.

चेतना शिकायला बसली ती उत्सुकतेपोटी, आणि अडकली. भिडूही जमले. अवसरी खुर्दच्या कॉलेजात शिकवणारी सोनल रविवारी यायची, आणे गावचे कुशाबा, रिटायर झालेले पोस्टमन, एसटीनं यायचे. घरी मात्र चेतनाच्या सासूबाईंचा, पानबाईंचा, सक्त विरोध. पत्ते म्हणजे जुगार, एवढंच त्यांना ठाऊक. चेतना चाचीकडं जाते हे त्यांना कळत होतं. त्या बोलत नव्हत्या, पण त्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजायची.

सगळं जमलं, पण 'ट्रान्सफर'पाशी गाडं अडलं. बोली लावताना एकानं 'एक नो-ट्रम्प', म्हणजे बिनहुकूम, म्हटलं, तर त्याच्याकडं चारी रंगांत भारी पानं. समोरच्या भिडूकडं पाच बदाम असले तर त्यानं बदाम म्हणायचं नाही, 'दोन चौकट' म्हणायचं. मग भारी पानवाल्यानं 'दोन बदाम' म्हणायचं. तसंच पाच इस्पिकं असली तर 'दोन बदाम' म्हणायचं, आणि भारी पानवाल्यानं 'दोन इस्पिक'.

कुशाबा वैतागले. "आवो भाबी, चौकट न्हाई तर चौकट कशापायी म्हणायचं? लई उलटा कारभार हाय ह्यो!"

"कुशाबाभाऊ, बदाम जो पहिल्यांदा बोलेल त्यानं डाव खेळायचा. त्याच्या भिडूची पानं टेबलावर उघडी पडतात. मग भारी पानं उघडी टाकायची का किरकोळ?"

"किरकोळ."

"म्हणून मी चौकट म्हणते आणि बदाम तुमच्या तोंडून बोलवून घेते. तुमची पानं झाकलेली राहतात. शिवाय पहिली उतारी, म्हणजे पहिलं पान, तुमच्या डावीकडून येतं; तुम्ही सगळ्यांत शेवटी टाकता, तुमचे राजे वाचतात."

कुशाबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "हां, आत्ता बसलं टकुऱ्यात."

पुण्यातल्या जोड्यांच्या स्पर्धेला चाचीनं चेतनाला भिडू म्हणून नेलं. मोठा हॉल, बोलायची बंदी, बोलीसुद्धा छापील कार्डं मांडून करायची. फक्त भिडूच्या बोलीचा ठरलेला वेगळा अर्थ असेल, तर तेवढा मोठ्यानं सांगायचा. पहिल्या काही डावांतच तिला भारी पानं आली. तिनं एक नो-ट्रम्प मांडलं. चाचीनं दोन चौकट मांडली. आणि चेतनाचं डोकं रिकामं झालं. चाचीकडं चौकट आहे, असं धरून तिनं 'पास' ठेवला. विरुद्ध जोडीचाही पास. झाली बोली पक्की: चौकट हुकूम, आणि खेळायचं चाचीनं.

त्याच क्षणी चेतनाला आठवलं. चाचीच्या हातात चौकटीचं एखादंच पान असणार!

चाचीच्या डावीकडचे गृहस्थ उतारीसाठी पान उचलणार, तेवढ्यात चाची म्हणाल्या, "थांबा भाई. पंचांना बोलवा."

पंच आले. चाची शांतपणे म्हणाल्या, "माझी दोन चौकट म्हणजे बदाम होते. आमचं तसं ठरलंय. या दुसऱ्या जोडीला ते सांगायचं राहिलं. आता सांगते."

हा नियमच आहे, पण तो पाळायचा म्हणजे आपल्याच हातानं आपली मान पुढं करायची. गृहस्थांनी लगेच हुकुमाचंच पान उतरलं, पुन्हा पुन्हा उतरलं, आणि चाचीचा डाव सोलून काढला. आठ हात हवे होते, झाले तीन. चाचीनं प्रत्येक पान तितक्याच जपून टाकलं, जणू डाव जिंकायचाच आहे.

चहाच्या सुट्टीत ते गृहस्थ मुद्दाम आले. "बाई, तुम्ही बोलला नसता तर आम्हाला पत्ताही लागला नसता."

"भाई, चहा गार होतोय तुमचा," चाची म्हणाल्या, आणि बिस्किटांची बशी त्यांच्यापुढं सरकवली.

चेतनाच्या डोळ्यांत पाणी. "चाची, आता ट्रान्सफर नकोच. तुमच्याकडं जे असेल तेच म्हणा."

"एकदा विसरलीस म्हणून मी तुझ्याशी वेगळं बोलू? जे ठरलंय तेच बोलणार. तूही तेच बोल."

दुपारी पुन्हा भारी पानं आली. चेतनाला वाटलं, दुसरंच काही मांडावं, ही वाटच नको. पण तिनं एक नो-ट्रम्प मांडलं. चाचीकडं सहा इस्पिकं होती. सरळ चार इस्पिक मांडून डाव स्वतःकडं घेता आला असता. पण चाचीनं दोन बदाम मांडले.

"ट्रान्सफर," चेतना म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि दोन इस्पिक मांडलं. चाचीनं ते चारवर नेलं आणि खेळ सुरू होताच पानं टेबलावर पसरली.

चेतनाकडं किलवरचा राजा होता, सोबत एक दुरी. एक्का आणि राणी डावीकडच्याकडं. उतारी त्याचीच, आणि किलवर उतरण्यात त्याचाच तोटा. चाचीनं डाव स्वतःकडं घेतला असता तर उतारी चेतनाच्या उजवीकडून आली असती आणि राजा मेला असता. चार इस्पिकला लागणारे दहा हात चेतनानं मोजून घेतले. मान वर केली तर चाची पुढच्या डावाची पानं लावत होत्या.

नंबर काही आला नाही. यादीत दोघी मधेच कुठंतरी. घरी पानबाईंनी विचारलं, "जिंकलीस का?"

"नाही," म्हणून चेतनानं दोन चौकटीची सगळी हकीकत सांगितली. पानबाईंना इस्पिक कळलं नाही, चौकट कळली नाही. पण मधेच त्यांनी विचारलं, "न विचारता सांगितलं तिनं? हरायची वेळ असून?"

"हो."

पानबाईंनी निवडायची डाळ बाजूला सरकवली. म्हणाल्या, "एवढ्या वयाच्या बाईला त्या मशीनच्या फळीवर खेळायला लावता होय? बोलव इथं सगळ्यांना. वरची खोली मोकळीच आहे. पण खाणंपिणं दिवस मावळायच्या आत. आम्हा जैनांकडं रात्री चूल पेटत नाही, सांग त्यांना."