शेगडी, बोंबील आणि बंद खिडकी

नरपडला आमच्या घरामागे नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी एक खोली बांधली. वर स्लॅब, एकच दार आणि एकच सरकती ॲल्युमिनियमची खिडकी. तिचं रबर इतकं घट्ट की ती लावली की समुद्रसुद्धा ऐकू येत नाही. खोली मासेमारीची जाळी ठेवायला होती. मला मात्र ती बघून पहिल्या दिवसापासून काहीतरी वैज्ञानिक करावंसं वाटत होतं. मी तलासरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. हा दोष आमच्या घरात माझ्या एकटीतच आहे.

सासूबाई बोंबील सुकवतात आणि डहाणूच्या बाजारात विकतात. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबू रोवून बांधलेल्या वलांडीच्या दोऱ्यांवर टांगायचे आणि बाकीचं काम वाऱ्यावर सोडायचं, ही त्यांची पद्धत. लग्न होऊन आल्यापासून मी या कामात बिनकामाची ठरले होते. माझ्या हातचे जबडे सुटायचे. मी टांगलेली रांग त्या माझ्यादेखत पुन्हा टांगायच्या. त्याचा मला राग यायचा, अजून येतो.

त्या नोव्हेंबरात अवेळी पाऊस आला. वलांडीवर अर्धवट सुकलेला माल होता, ठरलेल्या गिऱ्हाइकांना कबूल केलेला. दिलेला शब्द मोडला असं बाजारात आजवर कुणी त्यांना ऐकवलं नव्हतं. माल घाईघाईने ओट्यावर ताडपत्रीखाली आणला, पण दुसऱ्या दिवशीही आभाळ हटेना तेव्हा त्यांचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं हे खरं, पण आता आपली वेळ आली असंही वाटलं.

रविवार होता. नवरा बोटीवर, सासूबाई सकाळीच टोपली घेऊन बाजाराला गेलेल्या. मी खोलीत दोऱ्या बांधल्या, बोंबील टांगले, सुटणाऱ्या जबड्यांना कपड्यांचे चिमटे लावले आणि मधोमध कोळशाची शेगडी ठेवली. हिशेब साधा होता. उष्णतेने पाणी उडतं, तेव्हा उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही. खिडकी लावली. दार लावलं आणि त्याच्या खालच्या फटीत पोतं कोंबलं. कोळसा छान लाल फुलला होता, धुराचा मागमूस नव्हता, म्हणून मीही निर्धास्त. लक्ष ठेवायला हवं म्हणून स्टूल घेऊन तिथेच सहामाहीचे पेपर तपासत बसले.

बोंबलांतून पाणी निघालं, यात वाद नाही. पण त्याला जायला जागा नव्हती. ते भिंतींवर आलं, स्लॅबला लागलं आणि तिथून थेंब थेंब पुन्हा बोंबलांवर पडायला लागलं. मी आणखी कोळसा घातला. डोकं ठणकायला लागलं त्याचा दोष मी पेपरांना दिला. दरवर्षीचा अनुभव बघता तो रास्तच होता. मग मात्र पेपर फारच चांगले वाटायला लागले. पोरांनी किती सुंदर लिहिलंय, असं वाटून मला भरून आलं. एकाने पचनसंस्थेच्या आकृतीत जठराच्या जागी फुप्फुस काढलं होतं. त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले आणि खाली लिहिलं, 'अशीच प्रगती होवो'. त्यापुढचं आठवत नाही.

दुपारी सासूबाई रिक्षातून उतरल्या, ओट्यावर माल नाही हे बघून खोलीकडे धावल्या, अंगाच्या जोराने दार ढकललं, माझ्या काखेत हात घालून मला ओढत अंगणात आणलं. हे सगळं मला नंतर कळलं. डोळे उघडले तेव्हा त्या माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या आणि मला उलट्या होत होत्या. धूर तर नव्हता, एवढंच मी कसंबसं म्हटलं.

"आगीला वारा लागतो," त्या म्हणाल्या. "तिला तो मिळेना, मग तुझ्या वाटचा घेतला तिनं."

हेच मी सातवीला दोन तास खर्चून शिकवते.

त्याच रिक्षाने त्यांनी मला डहाणूला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, नाव-वय लिहिलं आणि काय करता, असं विचारलं. विज्ञान शिकवते, म्हटल्यावर त्यांचं पेन थांबलं. मग शाळा कुठली, हे त्यांनी जरा काळजीने विचारलं.

खाटेजवळच्या खिडकीतून सुरूची झाडं हलताना दिसत होती. पाऊस गेला होता, वारा सुटला होता. गावात ताडपत्र्या निघून सगळ्यांचा माल वलांडीवर चढत असणार. आमचेही बोंबील त्या तासाभरात बाहेर निघाले असते तर वाचले असते, हे मला कळत होतं, तर त्यांना किती कळत असेल! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई, तुम्ही जा, मी बरी आहे, असं मी दोनदा सांगितलं. त्यांनी एकदा खिडकीबाहेर बघितलं आणि स्टूल माझ्याकडे वळवून बसल्या.

"तू नीट श्वास घे आधी."

संध्याकाळपर्यंत त्या हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी तो सगळा लिबलिबीत, तांबडा पडलेला माल चिकूच्या झाडांच्या बुडाशी पुरला. त्या आठवड्यात बाजारात सगळ्या बायकांकडे सुके बोंबील होते, फक्त आमच्याकडे नव्हते. मी त्यांच्या शेजारी बसले होते. प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं आणि प्रत्येकाला त्या एकच सांगत होत्या, "पाऊस आला तेव्हा माल झाकायला माझाच उशीर झाला."